गाळा भाड्याचा, मग स्लॅब कोणाचा?

या वेळच्या सदरात फक्त दुकान, गाळा, क्लिनिक, ऑफिस यांच्या दुरुस्तीची पत्रं घेतलीयत. पावसाळा जवळ आला की हा विषय येतोच, पण या वेळी पत्रं वाचताना एक गोष्ट फार खटकली. लोक सुटलेल्या प्लॅस्टरखाली, वाकलेल्या बीमखाली रोज बसतायत आणि आधी खर्च कोणाचा ते ठरू दे म्हणून थांबलेत, नाहीतर बाहेर पडलो तर जागा हातची जाईल या भीतीने हलत नाहीयेत. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय. पत्रलेखकांची नावं काढून टाकलीयत, भाग तेवढा ठेवलाय.

प्रश्न (गिरगाव): आमचं फोटोफ्रेमचं दुकान आहे, आजोबांनी पगडीवर घेतलेलं, पावती आता बाबांच्या नावावर, भाडं महिना ४१० रुपये. बिल्डिंग तीन मजली, १९५५ च्या आसपासची. दुकानात मागे जो आडवा बीम आहे त्याचं प्लॅस्टर गेल्या पावसाळ्यापासून सुटतंय, आता सळया दिसतायत, गंजाचे पापुद्रे निघतायत आणि गेल्या महिन्यात पंजाएवढा तुकडा काचेच्या गठ्ठ्यावर पडला, बाबा नुकतेच तिथून उठले होते. मालकाला फोन केला तर म्हणतो दुकान तुम्ही चालवता, कमाई तुमची, दुरुस्ती पण तुम्हीच करा, ४१० रुपयांत मी काय करू. शेजारचे म्हणतात स्वतः गर्डर टाकून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा, कायद्यात तसं आहे. दुसरे म्हणतात काही झालं तरी जागा सोडू नका, एकदा शटर खाली गेलं की हक्क संपला. नक्की काय करायचं? बाबा दुकान बंद ठेवायला तयारच नाहीत.

उत्तर: दादा, कायदा नंतर बघू, आधी बाबांचं टेबल त्या बीमखालून हलवा. आजच. काचेचे गठ्ठे पण पुढे घ्या, मागचा भाग दोरी लावून बंद करा. मग महापालिकेकडे नोंद असलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा आणि त्याला पहिला प्रश्न एकच विचारा, टेकू लावायचे का आणि कुठे. लोखंडी जॅक नुसते लादीवर उभे करून भागत नाही, खाली-वर फळी लागते, वरच्या मजल्यावर त्याच रेषेत काय आहे ते बघावं लागतं, म्हणून हे काम फॅब्रिकेटरच्या अंदाजाने करू नका. तो इंजिनीअर जे सांगेल ते त्याच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याने घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच कागद लागणार आहे.

बीममध्ये काय चाललंय तेही समजून घ्या, म्हणजे कोणी "वरून सिमेंट मारून देतो" म्हणालं तर फसणार नाही. आपल्याकडची हवा खारी, त्यात गळतीचं पाणी, ते काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून दाब देऊन वरचं काँक्रीट फोडून टाकतो. म्हणून भेग सळईच्या रेषेत लांबच्या लांब जाते. तुम्ही लहान हातोडीने बीमवर हलकेच ठोकून बघा (डोक्यावर येणार नाही अशा बाजूला उभं राहून), घट्ट काँक्रीट ठणठण वाजतं, सुटलेलं बदबद वाजतं. जितका भाग बदबद वाजेल तितका सगळा काढावाच लागतो. सळई पूर्ण साफ करायची, जाडी फार गेली असेल तर नवी जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टार किंवा मायक्रोकाँक्रीट. गंजलेल्या सळईवर नुसतं प्लॅस्टर चढवलं तर गंज आत चालूच राहतो, वर रंग छान दिसतो आणि दोन पावसाळ्यांनी आधीपेक्षा मोठा तुकडा पडतो. भिंतीत तिरकी भेग असेल तर तिच्यावर आडवी पातळ काचपट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. तुमच्याकडे काच आहेच. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय, त्याच दिवशी फोटो काढा आणि इंजिनीअरला फोन करा.

आता जबाबदारी. पगडीची जागा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या कमी भाड्याने घेतलेली, तिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू. त्याचं कलम १४ सरळ सांगतं की भाडेकरूने वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर जागा राहण्या-वापरण्यासारखी दुरुस्त ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. दुकान असो की खोली. "कमाई तुमची म्हणून बीम तुमचा" असं त्यात कुठेही नाही. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी त्याने वाजवी वेळेत काम केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो किंवा वसूल करू शकतो. शेजारी सांगतात ते इथपर्यंत खरं आहे. पुढची ओळ ते सांगत नाहीत. एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. तुमचं वर्षाचं भाडं ४,९२० रुपये, त्याचा चौथा हिस्सा १,२३०. बीमचं काम लाखात जाणार आणि तुम्ही वर्षाला १,२३० कापत बसणार, नातवंडांच्या हयातीतही फिटायचं नाही. त्यामुळे कलम १४ ची नोटीस पैशासाठी म्हणून देऊ नका, ती द्यायची कारण त्या तारखेपासून मालकाला धोका माहीत होता हे कागदावर येतं, आणि पुढे काही वाईट झालं किंवा कोर्टात जावं लागलं तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

मालकाचं म्हणणं मला पूर्ण खोटं वाटत नाही. ४१० रुपयांत कोणी इमारत सांभाळू शकत नाही, हे गिरगाव ते माहीम सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणून जबाबदारी हवेत विरत नाही, आणि नेमक्या याच कोंडीसाठी उपकर आहे, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मालमत्ता कराबरोबर घेतला जाणारा जादा कर. शहर विभागातली ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची तुमच्यासारखी इमारत बहुतेक उपकरप्राप्त असते. मालमत्ता कराच्या बिलात दुरुस्ती उपकर लागलाय का बघा, बिल मालकाकडे असेल तर वॉर्ड ऑफिसात विचारा. उपकर भरला जात असेल तर वांद्र्याच्या म्हाडातलं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ मुख्य स्ट्रक्चरची दुरुस्ती करू शकतं. मंडळाची खर्चाची मर्यादा असते, वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, हे सगळं खरं. तरी अर्ज एकट्या दुकानाचा न देता बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या सह्यांचा द्या, कारण तुमच्या दुकानावरचा बीम म्हणजे पहिल्या मजल्यावरच्यांची जमीन आहे, त्यांनाही ते एकदा नीट सांगायला हवं.

स्वतः गर्डर टाकू नका, हे मी जोर देऊन सांगतोय. रंगरंगोटी, प्लॅस्टर, लादी या किरकोळ दुरुस्त्या वेगळ्या, पण बीम-कॉलमला हात लावायचा म्हणजे परवानगी आणि इंजिनीअरची देखरेख लागते. शिवाय मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर कलम १६ खाली तो जागा रिकामी करून मागू शकतो. म्हणजे पैसे तुमचे, कष्ट तुमचे आणि केस पण तुमच्यावरच. टेकू ही तात्पुरती सोय आहे, ती इंजिनीअरच्या पत्रावर लावा आणि त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा.

राहिली जागा जाण्याची भीती. या भीतीनेच मुंबईत माणसं मेलीयत असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांना सांगा की दुरुस्तीसाठी बाहेर पडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे. मालकाला जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती करताच येत नसेल तर त्याला तसा दावा लावता येतो, पण तेव्हाही भाडेकरूला परत यायचंय का हे कोर्टाने विचारायचं आणि हुकुमात नोंदवायचं अशी कायद्यातच सोय आहे. हक्क जातो तो कागद नसल्यामुळे. म्हणून बाहेर पडण्याआधी दुकानाचं कार्पेट मोजमाप आर्किटेक्टकडून सहीशिक्क्यासह घ्या, आतून-बाहेरून व्हिडिओ करा, जुन्या पावत्या, गुमास्ता, लाइट बिल सगळं स्कॅन करून तीन जणांकडे ठेवा, मालकाकडून परत ताबा देण्याचं लेखी घ्या, मुख्य म्हणजे चावी देताना "ताबा सोडला" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. आणि भाडं थांबवू नका. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा, परत आली तरी पावती जपून ठेवा.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. त्यात पावती क्रमांक, बीम नेमका कुठला, तुकडा पडल्याची तारीख, फोटो आणि इंजिनीअरचं पत्र एवढं आलं की पुरे. प्रत म्हाडाच्या मंडळाला आणि वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाला. फोनवरचं बोलणं कितीही झालं तरी ते झालंच नाही असं धरून चाला.

प्रश्न (मुलुंड पूर्व): सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा लीव्ह-लायसन्सवर घेऊन मी फिजिओथेरपी क्लिनिक चालवते. एग्रीमेंट तीन वर्षांचं, रजिस्टर केलेलं आहे. वरच्या फ्लॅटमधून गळतंय, पीओपी फुगून खाली आलंय, एक मशीन भिजलं. मालक पुण्याला असतात, ते एग्रीमेंटमधली "सर्व दुरुस्त्या लायसन्सीने करायच्या" ही ओळ दाखवतात. सोसायटी म्हणते तुम्ही मेंबर नाही, तुमचा अर्ज घेणार नाही. वरचे म्हणतात आमच्याकडून नाही गळत. मी कोणाकडे जाऊ?

उत्तर: ताई, वरच्या पत्रातलं कलम १४ तुमच्या कामाचं नाही, ते भाडेकरूसाठी आहे, तुम्ही लायसन्सी आहात, म्हणजे तुम्हाला जागा वापरायची फक्त परवानगी आहे. तुमचा सगळा आधार एग्रीमेंट, म्हणून ती ओळ जड जातेय. पण ती ओळ वाचून मी लगेच हार मानणार नाही. "सर्व दुरुस्त्या" म्हणजे तुमच्या गाळ्यातल्या. वरच्या फ्लॅटचं बाथरूम तुमच्या ताब्यात नाही, तिथे तुम्ही प्लंबर घेऊन जाऊ शकत नाही, मग ते दुरुस्त करायची जबाबदारी तुमच्यावर कशी येईल? हे मालकांना याच शब्दांत मेल करा.

त्याआधी गळतंय कुठून ते शोधा, कारण त्यावर पैसे कोणाचे हे ठरतं. चार दिवस वहीत लिहा, कधी ठिबकतं आणि कधी थांबतं. सकाळी आंघोळींच्या वेळी वाढत असेल तर बाथरूमची लादी, ट्रॅप (नहाणीच्या जाळीखालचा भाग) किंवा सांडपाण्याचा पाइप. चोवीस तास सारखं ठिबकत असेल तर दाबाच्या पाण्याची लाइन. फक्त पावसात असेल तर बाहेरची भिंत किंवा डक्ट. बाथरूमचा संशय असेल तर तिथल्या ट्रॅपला बूच मारून रंगीत पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवतात, खाली रंग उतरला की वाद मिटला. हे सोसायटीच्या माणसासमोर करा, फोटोसकट.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन, पावसाच्या पाण्याची गळती हे सोसायटीच्या खर्चात येतं, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममुळे होणारी गळती त्या फ्लॅटच्या मेंबरच्या. म्हणजे तिन्ही शक्यतांमध्ये गळतीचा खर्च तुमच्याकडे येत नाही. सोसायटी तुमचा अर्ज घेत नाही याचं कारण मेंबर तुमचे मालक आहेत. मग पत्र तुम्ही टाइप करा, मालकांना व्हॉट्सअॅप करा, त्यांनी सही करून स्कॅन पाठवायचं आणि सोसायटीच्या इमेलवर त्यांच्याच मेलवरून जायला हवं. पुण्यात बसून एवढं नक्की होतं.

आणखी एक. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे जागेत धोकादायक दोष आहे हे मालकाला माहीत असेल आणि लायसन्सीला नसेल तर ते सांगणं मालकावर बंधनकारक असतं. तुमच्याआधी तिथे कोण होतं, त्यांनी कशामुळे सोडलं, सोसायटीच्या मिटिंगच्या नोंदीत ही गळती आधी आलीय का, चौकशी करा. जुनी तक्रार निघाली तर मालकांशी बोलताना तुमचा आवाज वेगळा लागेल.

मशीनचं नुकसान मात्र नुसत्या भांडणातून लवकर निघणार नाही. दुकानदारांसाठी विमा पॉलिसी मिळतात, त्यात पाण्याने झालेलं नुकसान येतं का ते वाचून पुढच्या वर्षी घ्या. आणि लाइटचं कनेक्शन आधी तपासून घ्या, ओल्या स्लॅबमधून वायरिंग जात असेल तर त्या खोलीत पेशंट झोपवू नका.

एग्रीमेंट रिन्यू करताना ती ओळ तशीच राहू देऊ नका. मी असं लिहायला सांगेन: "बीम, कॉलम, स्लॅब, बाहेरच्या भिंती आणि पाण्याचे व सांडपाण्याचे मुख्य पाइप यांची दुरुस्ती लायसन्सीने लेखी कळवल्यापासून ३० दिवसांत लायसन्सरने (मालकाने) स्वखर्चाने किंवा सोसायटीमार्फत सुरू करावी. जागा वापरता येणार नाही तेवढ्या दिवसांची लायसन्स फी लागू होणार नाही. काम सुरू न झाल्यास लॉक-इन (ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट) लागू न राहता लायसन्सी करार संपवू शकेल व डिपॉझिट पूर्ण परत मिळेल." ब्रोकर म्हणेल सगळ्यांचं एग्रीमेंट एकच असतं, बदलत नाही. बदलतं. टाइप केलेला कागद आहे तो.

प्रश्न (दादर): मी ६८ वर्षांची आहे, मिस्टर गेल्यावर गाळ्याच्या भाड्यावरच घर चालतं. दोन वर्षांपूर्वी एका केटररला दिला, एग्रीमेंट लीव्ह-लायसन्सचं आहे पण फक्त नोटरी केलेलं. त्याने न विचारता किचन मोठं करायला मधली भिंत काढली आणि वर लोखंडी अँगल मारून पोटमाळा केला, तिथे तांदूळ-डाळीची पोती ठेवतो. आता वरच्या मजल्यावर लादी खचल्यासारखी वाटते असं तिथले लोक सांगून गेले. केटरर म्हणतो बिल्डिंगच जुनी आहे, स्ट्रक्चरचं काम मालकाचं, तुम्ही करून द्या.

उत्तर: काकू, स्ट्रक्चर मालकाचं हे तो बरोबर बोलतोय, पण ज्याने ते तोडलं त्याला त्या वाक्यामागे लपता येणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाड्याने घेणाऱ्याची कर्तव्यं दिलीयत: स्वतःची वस्तू शहाण्या माणसाने वापरावी तशी जागा वापरायची, तिची तोडफोड करायची नाही, संमतीशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही, आणि त्याच्या कृतीने दोष निर्माण झाला असेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो स्वतः भरून द्यायचा. भाडे नियंत्रण कायद्यातही याच कारणांवर जागा परत मागता येते. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, धूर जायची चिमणी अशा गोष्टी परवानगी घेऊन केल्या तर त्या पक्कं बांधकाम धरत नाहीत, पण भिंत पाडणं त्या यादीत कुठेच बसत नाही.

तुमची कच्ची बाजू वेगळी आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह-लायसन्स असो की भाडं, करार लेखी आणि रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी आहे, नाही केला तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कराराच्या अटींबद्दल वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत समोरच्याचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे उद्या तो "मी भाडेकरू आहे" असंही म्हणेल. म्हणूनही चांगला वकील आत्ताच गाठा, असे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चालतात. पण तो भाडेकरू ठरला काय किंवा लायसन्सी ठरला काय, भिंत पाडायचा हक्क त्याला दोन्हीकडे नाही.

हे सगळं चालू राहील, तोवर थांबू नका. जुन्या इमारतींमध्ये पुष्कळदा भिंतीच वरचा भार घेतात, आणि इथे ती काढून वर पोत्यांचं वजन आणखी चढवलंय. २०१३ च्या सप्टेंबरात डॉकयार्ड रोडला पालिकेच्याच मालकीची बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळून ६१ जण गेले, तळमजल्यावर भाड्याने दिलेलं डेकोरेटरचं गोडाऊन होतं आणि तिथे केलेल्या फेरफारांचा मुद्दा पोलीस तपासात आला. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला सिद्धी साई इमारत पडून १७ जण गेले, तिथेही तळमजल्याच्या जागेत चाललेल्या कामात आधार काढल्याचा आरोप झाला. दोन्हीकडे बहुतेक जण वरच्या मजल्यांवर सकाळी आपल्या घरात होते, खाली कोणी काय तोडलं याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. काकू, तुमच्या गाळ्यावर राहणाऱ्यांना हे लागू आहे आणि तुम्हाला आता कळलेलं आहे, त्यामुळे गप्प राहणं तुम्हालाही महागात पडेल. उद्याच स्ट्रक्चरल इंजिनीअर नेऊन टेकू लावून घ्या, पोती उतरवायला लावा, केटररला लेखी नोटीस द्या आणि वॉर्ड ऑफिसमध्ये अनधिकृत बदलाची तक्रार स्वतःहून करा, पोच घ्या. केटरर आत येऊ देत नसेल तर तेही तक्रारीत लिहा. खर्च आधी तुमच्या खिशातून जाईल, बिलं ठेवा, ते त्याच्याकडून वसूल करायला मागता येतात. भाडं बंद होईल ही भीती मला समजते, घर त्यावर चालतं हे तुम्ही लिहिलंय. तरीही हेच करा.

प्रश्न (अंधेरी एमआयडीसी): आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १ कोटीच्या वर आहे. ऑफिस लीजवर आहे, करारात स्ट्रक्चरबद्दल एक शब्द नाही. मालकाला दुरुस्ती करावीच लागेल ना?

उत्तर: तेवढं सोपं नाही. १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना, बँकांना, सरकारी उपक्रमांना दिलेल्या जागा भाडे नियंत्रण कायद्यातून कलम ३ ने वगळल्यात, म्हणजे कलम १४ तुम्हाला मिळत नाही. राहिला मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि त्यात करारात काही नसताना मालकावर दुरुस्तीची सरसकट जबाबदारी टाकलेली नाही. करारातून किंवा अन्यथा तो बांधील असेल आणि नोटीस देऊनही करत नसेल तरच तुम्ही करून भाड्यातून कापू शकता. आग, वादळ, पूर अशा कारणांनी जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला तर लीज सोडायचा पर्याय तुम्हाला असतो, पण नुसत्या गळक्या स्लॅबवर तो चालत नाही. तेव्हा पुरवणी करार करा आणि रजिस्टर करा. मालक भाडं वाढवून मागेल, त्या वाटाघाटीत स्ट्रक्चर त्याच्या गळ्यात घाला.

प्रश्न (लालबाग): आमच्या चाळीत खाली दहा दुकानं, वर भाडेकरू. मालकाच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-१ (सगळ्यात धोकादायक) आली, पालिकेची ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस लागली. आम्हाला वाटतं रिडेव्हलपमेंटसाठी मुद्दाम तसं आणलंय, आम्ही ऑडिट केलं तर सी-२बी आलं. आता कोणाचं खरं धरणार? आणि आमच्या ऑडिटचा खर्च मालकाकडून मिळेल का?

उत्तर: खर्चापासून सुरू करतो कारण ते लवकर संपतं. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी करून घेण्याची जबाबदारी मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब मालक किंवा राहणारे दोघांवर टाकतं. तुम्ही तुमच्या बचावासाठी केलेलं ऑडिट मालक भरून देईल ही आशा धरू नका, दुकानं आणि खोल्या मिळून वर्गणी काढा.

सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती, आणि सी-३ किरकोळ. दोन ऑडिट एकमेकांच्या विरुद्ध असतील तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते, तिच्याकडे प्रकरण पाठवा असा अर्ज नोटिशीची मुदत संपायच्या आत द्या, रिपोर्ट जोडून. समितीसमोर नुसता शेरा चालत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये काँक्रीटची ताकद आणि सळयांचा गंज तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोर, कार्बोनेशन, हाफ-सेल या चाचण्यांचे आकडे आहेत का आणि कुठल्या कॉलमवर घेतले त्याचा नकाशा आहे का बघा. चाळ लाकडी वाशांची असेल तर वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे वाळवी किंवा कूज आहे का, हे फोटोसकट हवं. आकडे फक्त पुढच्या चांगल्या भागातून घेतले असतील तर समितीच्या लक्षात येतं आणि मग तुमचं बाकीचं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही.

मालकावरचा संशय मी समजू शकतो, अशी प्रकरणं ऐकिवात आहेत. पण संशय आहे म्हणून इमारत मजबूत होत नाही. तुमच्या स्वतःच्या रिपोर्टमध्येसुद्धा सी-२बी आहे, म्हणजे स्ट्रक्चरल दुरुस्ती हवीच असं तुमचाच इंजिनीअर सांगतोय. ती सुरू करायची तयारी अर्जात लिहा, टेकू कुठे लावले ते दाखवा.

समितीने सी-१ कायम केलं तर अडून बसू नका. पाडण्याआधी पालिकेने भाडेकरूंची आणि त्यांच्या ताब्यातल्या कार्पेट क्षेत्रफळाची यादी करायची असते, हायकोर्टाचे २०१४ चे तसे निर्देश आहेत. ती यादी करायला माणूस येईल त्या दिवशी दहाही दुकानदार हजर राहा, प्रत्येकाने मोजमाप स्वतः वाचून मग सही करा. ज्यांच्याकडे पोटमाळा आहे त्यांनी त्याचे जुने परवानगीचे कागद आत्ताच शोधून ठेवावेत, कारण त्या वेळी तिथे उभं राहून सापडत नाहीत. यादीची प्रत वॉर्ड ऑफिसमधून शिक्का मारून घ्या. आणि समितीचा निर्णय येईपर्यंत कुठे नवीन भेग पडली, दरवाजा अचानक घासायला लागला, माती झडायला लागली तर कोणाच्या ऑडिटची वाट न बघता सगळ्यांना खाली उतरवा आणि पालिकेच्या १९१६ वर फोन करा.